मोठ्याबाईंचं ‘नाही’

कॅमेरेवाल्याने टेबलाच्या मधोमध पेन्सिलने एक गोल काढला, त्यावर ड्रिलचं टोक टेकवलं आणि बटण दाबणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“हात बाजूला घे आधी.”

त्याने मागे वळून पाहिलं. दाराच्या चौकटीला धरून मोठ्याबाई उभ्या होत्या. दोन जिने चढून छाती भात्यासारखी हलत होती, पण दम लागल्याचं कुणाला कळू नये म्हणून तेवढंच बोलून त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

“भोक पाडायचंय, आजी,” कॅमेरेवाला म्हणाला. “वायरी खालून येणार आणि इथे मधे माइक बसणार. सगळ्यांचा आवाज सारखा जायला हवा ना.”

“सगळ्यांचा आवाज या खोलीत आजवर कधी सारखा नव्हता. आणि टेबल कसलं? कापड कापायचा फळा आहे तो आमचा. वरून सनमायका चिकटवला म्हणून साहेब झाला काय?”

कॅमेरेवाला चाळिशीतला, थंड डोक्याचा माणूस होता. लोकांच्या टेबलांना भोकं पाडण्यातच त्याची उमर गेली होती, त्यामुळे असल्या बोलण्याचं त्याला काही वाटत नसे. त्याने खिडकीपाशी उभ्या असलेल्या थोरल्या मुलाकडे नुसतं पाहिलं.

थोरल्याने फोन कानापासून दूर केला. “आई, वर कशाला आलीस? डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टरांनी गुडघ्यांना सांगितलंय. डोळ्यांना काही सांगितलं नाही.”

“पाडा हो तुम्ही,” थोरला कॅमेरेवाल्याला म्हणाला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

ड्रिल फिरलं. आधी सनमायकाचा पांढरा भुगा उडाला, मग खालच्या जुन्या लाकडाचा तपकिरी. मोठ्याबाईंनी टेबलाच्या डोक्याशी असलेली आपली खुर्ची ओढली, बसल्या, आणि तो भुगा संपेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

कारखाना शाळांच्या गणवेशांचा होता. खालच्या मजल्यावर शिवणखातं, मधल्यावर इस्त्री आणि बांधाबांध, आणि वर ही बैठकीची खोली. नवरा गेला तेव्हा इथे कापडाचे तागे, एक कात्री आणि हा फळा, एवढंच होतं. आता भिंतीवर हा मोठा काळा पडदा लागला होता, त्याच्या डोक्यावर कॅमेरा बसला होता, आणि जमिनीवर रिकामे खोके पडले होते. धाकटा परदेशात असतो, तो यात दिसेल. बाहेरगावचे ठेकेदार दिसतील. आणि मुख्य म्हणजे तुला जिने चढायला नकोत आई, घरबसल्या बैठक, असं थोरल्याने समजावलं होतं. फार गोड बोलून समजावलं होतं, तिथेच मोठ्याबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती.

कारण खोके यायच्या आधी आठवडाभरच त्याने जेवताना विषय काढला होता. शिवणखातं बंद करू. गणवेश ठेकेदाराकडून तयार येतील, आपण फक्त आपलं लेबल लावायचं. हल्ली सगळे असंच करतात. मोठ्याबाईंनी घास संपवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “बैठकीत बोलू.” थोरल्याला त्याचा अर्थ चांगलाच ठाऊक होता.

बैठकीत ठराव करायची इथली एक रीत होती. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. विषय मांडायचा आणि मोठ्याबाईंकडे पाहायचं. त्या ‘नाही’ म्हणाल्या की विषय तिथल्या तिथे मेला. गप्प राहिल्या की मंजूर. ‘हो’ म्हणताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. सुरुवातीला दीर आणि भागीदार समोर बसून भराभरा बोलायचे. निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. दुसरीपर्यंतचं शिक्षण त्याला पुरं पडत नव्हतं. मग त्या गप्प बसून ऐकायच्या आणि जिथे काही खटकेल तिथे ‘नाही’ म्हणायच्या. त्या ‘नाही’वर कारखाना तरला असं त्या म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. पुढे दीर गेले, भागीदार गेला, मुलं टेबलाशी बसायला लागली, पण रीत राहिली. ‘हो’ म्हणायला मान लववावी लागते, आणि मोठ्याबाईंची मान लवली ती फक्त शिवणयंत्रावर.

सून भिंतीकडच्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. कॅमेरेवाला तिला काहीबाही विचारत होता आणि ती एका शब्दात उत्तरं देत होती. शिकलेली बाई. कारखान्याचे कर, पगार, शाळांशी पत्रव्यवहार, सगळं तिच्याच हातचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने बैठकीत तोंड उघडलं होतं, कापडाच्या खरेदीबद्दल काहीतरी. “तुझी वेळ आली की सांगते हं,” मोठ्याबाई म्हणाल्या होत्या, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले होते. वेळ काही आली नाही. तेव्हापासून ती बैठकीत लिहून घेते आणि चहा झाला का ते बघते. मोठ्याबाईंना हे कधी आठवलंच तर त्यात वावगं वाटत नसे. सुनेला वेळेवर वळण लावलं, एवढंच.

“आजी, आता एक काम करा,” कॅमेरेवाला म्हणाला. “हा तुमचा टॅब. खाली जाऊन बसा, मी येतो मागोमाग. घरी बसल्यासारखं बसायचं. इथलं सगळं दिसतंय का बघू.”

“इथून तिथे जायचं आणि तिथून इथलं बघायचं,” मोठ्याबाई उठत म्हणाल्या. “चांगला धंदा काढलायस.”

उतरताना गुडघ्यांनी चढण्याचा सूड घेतला. कठड्याला धरून त्या शिवणखात्यात पोचल्या तेव्हा यंत्रांचा खडखडाट चालू होता. काजंवालीने त्यांना पाहिलं आणि यंत्राच्या पायट्यावरचा पाय थांबवला. ती सदऱ्यांची काजं करायची. हाताखालून निघालेलं काज कात्री न लावता बटणाला बसतं, असं मोठ्याबाई तिच्याबद्दल परक्यांना सांगायच्या, तिच्या तोंडावर मात्र कधी बोलल्या नव्हत्या.

“मोठ्याबाई, बसा.” तिने आपलं स्टूल पुढे सरकवलं. “वर काय भोकं पाडताहेत?”

“सिनेमा लावणारेत.”

“आम्हाला तिकीट आहे का?”

“तुला फुकट. तू पडद्यावर काज करून दे.”

काजंवाली हसली, मग इकडेतिकडे पाहून तिने आवाज उतरवला. आजूबाजूची दोन-तीन यंत्रंही आपोआप मंदावली. “खातं बंद होणार म्हणतात. खरं का हो? माझी पोरगी शिकतेय अजून. या वयात मला दुसरीकडे कोण घेईल? डोळे बघून परत पाठवतील.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणून चालतं होय इथे?” मोठ्याबाईंनी स्टुलावर बसून पाय पसरला. “परवा बैठक आहे. मी बसलेय ना अजून. तू काजं कर.”

काजंवालीच्या खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने पलीकडे पाहिलं, आणि यंत्रं पुन्हा पूर्वीच्या जोरात सुरू झाली. मोठ्याबाईंना तो खडखडाट बरा वाटला.

कॅमेरेवाला टॅब घेऊन आला आणि त्याने तो कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. काचेत वरची खोली दिसली. फळ्याच्या मधोमध माइक उगवला होता. टेबलाच्या डोक्याशी मोठ्याबाईंच्या खुर्चीत थोरला बसून बघत होता, पाठ किती मागे जाते ते.

“अरे, उठ तिथून,” मोठ्याबाई म्हणाल्या.

थोरला मागेपुढे झुलत राहिला.

“ऐकू येत नाही त्यांना,” कॅमेरेवाला म्हणाला. “ही लाल खूण दिसते ना कोपऱ्यात? ती आहे तोवर तुमचा आवाज जात नाही. तुम्हाला त्यांचं ऐकू येणार, तुमचं त्यांना नाही.”

“मग घालव ती.”

“इथून नाही जायची, आजी. वहिनींच्या लॅपटॉपवर बटण आहे. त्यांनी सोडला की तुमचा आवाज जाईल.” मोठ्याबाईंचा चेहरा बघून त्याने घाईघाईने जोडलं, “तसं मुद्दाम नाही हं. घरात मिक्सर असतो, बेल वाजते, कुकर. बैठकीत व्यत्यय येतो. साहेब म्हणाले, आईचा बंदच ठेवा, लागेल तेव्हा सुरू करू.”

“लागेल तेव्हा.”

“हो. मीच म्हटलं, बटण कुणाकडे देऊ? तर म्हणाले, मला नाही जमत असलं, हिच्याकडेच द्या.”

मोठ्याबाईंनी लाल खुणेवर अंगठा ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला. मग अंगठा काढून काचेवर उमटलेला ठसा त्यांनी रुमालाने पुसून टाकला.

“काच चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “जा, तुझं काम आटप.”

घरी आल्यावर त्यांनी थोरल्याला याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ज्याला बोलायला आपण शिकवलं, त्याच्यापुढे उभं राहून ‘माझा आवाज सोड रे’ म्हणायचं? त्यापेक्षा परवा सरळ वर जाऊन आपल्या खुर्चीत बसायचं आणि ‘नाही’ म्हणून उठायचं. पडद्याची पूजा त्याने खुशाल करत बसावी.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा गुडघा भोपळ्यासारखा फुगला होता. पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जातानाच डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुपारी सून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, खाली बसली आणि गुडघ्यावर ती हलकेच धरून राहिली.

“आई, उद्याचं ते बटण माझ्याकडे आहे.”

“माहीत आहे मला.”

सुनेने वर पाहिलं. मग पुन्हा पिशवीकडे. “ह्यांनी सुरुवातीला बंद ठेवायला सांगितलंय. पण टॅबवर खाली एक हाताचं चित्र आहे. तुम्हाला बोलायचं असेल तेव्हा ते दाबा. मला लगेच दिसेल. मी कुणाला न विचारता सुरू करीन.”

“म्हणजे हात वर करू?”

“तसंच समजा.”

“मास्तरांपुढे कधी हात वर केला नाही मी. म्हणून तर दुसरीतून घरी बसवलं.”

सून हसली नाही. “खालच्या बायकांचं बघा ना, आई. तुम्ही नाही म्हणालात तर हे पुढे रेटायचे नाहीत, एवढी भीती अजून आहे त्यांना. मी रात्री दोनदा बोलून पाहिलं. माझं कोण ऐकतं तिथे?”

“तुझं का ऐकावं?” मोठ्याबाई म्हणाल्या. रागाने नाही, पाणी फार गरम आहे असं सांगावं तसं.

सुनेने पिशवी उचलली, दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

“तो नाही दुखत,” मोठ्याबाई म्हणाल्या.

बैठकीच्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचे कपडे घातले, केस चापून बसवले आणि हॉलमधल्या टेबलासमोर ताठ बसल्या. टॅब सुनेने जाताना फुलदाणीला टेकवून सुरू करून दिला होता. काचेत खोली भरली होती. थोरला टेबलाच्या कडेला होता, मोठ्याबाईंची खुर्ची रिकामी होती. तेवढी लाज त्याला होती. एका चौकोनात धाकटा, त्याच्या मागे कुठलीशी बर्फाची टेकडी. दुसऱ्या चौकोनात ठेकेदार, गोरागोमटा, सारखा मान डोलावणारा. तिसऱ्या चौकोनात त्या स्वतः, आणि कोपऱ्यात लाल खूण.

“आई, दिसतेयस छान,” धाकटा म्हणाला.

“तू टोपी घाल,” मोठ्याबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

कॅमेरा ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे आपसूक वळत होता. थोरला बोलायला लागला तसा तो पडद्यावर मोठा झाला. शाळा कशा कमी दरात मागतात, यंत्रं कशी जुनी झालीत, बाहेर माल कसा स्वस्तात तयार होतो. तो चांगलं बोलला. मोठ्याबाईंना सगळं कळलं. आता त्यांना अशा बोलण्यातलं सगळं कळायचं. मांडून झाल्यावर त्याने कागद जुळवले आणि म्हणाला, “तर खालचं शिवणखातं या महिन्यापुरतंच. कुणाचं काही म्हणणं?”

सवयीने सगळ्यांचे डोळे टेबलाच्या डोक्याकडे गेले, तिथे कुणी नाही म्हणून पडद्याकडे आले.

चौकोनाखाली हाताचं चित्र होतं. मोठ्याबाईंनी ते पाहिलं. दोन्ही हात त्यांनी मांडीवर एकात एक घट्ट धरले.

“नाही,” त्या म्हणाल्या.

रिकाम्या हॉलमध्ये तो शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला. काचेतलं कुणी हललं नाही. ठेकेदाराने घड्याळ पाहिलं.

“नाही म्हणतेय मी.”

“आईचं काही म्हणणं नाही,” थोरला कागदांकडे बघत म्हणाला. “तर मग मंजूर.”

“थांबा.”

कॅमेरा गर्रकन वळला. भिंतीकडची खुर्ची पडद्यावर आली, आणि त्या खुर्चीत सून. तिचा चेहरा काचभर झाला. इतक्या वर्षांत मोठ्याबाईंनी तो एवढ्या जवळून पाहिला नव्हता. कानशिलापाशी केस पांढरे झाले होते.

“आई काहीतरी म्हणताहेत. ओठ हलले त्यांचे,” ती म्हणाली.

“अगं, ती तशीच...” थोरल्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने बटण दाबलं होतं.

लाल खूण गेली.

“बोला, आई. आता ऐकू येतंय.”

खोली थांबली. थोरल्याने पेन खाली ठेवलं. धाकटा टोपी न घातलेलं डोकं पुढे काढून म्हणाला, “हां आई, बोल ना.” सुनेच्या चेहऱ्यावर मोठ्याबाईंनी हसू शोधलं, कीव शोधली. दोन्ही नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती, एखाद्याच्या हातात हरवलेली वस्तू ठेवून बाजूला व्हावं तशी.

‘नाही’ जिभेच्या टोकाशी होतं. एवढासा शब्द. तो टाकला की खालची यंत्रं चालू राहणार होती. आणि बायका एकमेकींना सांगणार होत्या, वहिनी बोलल्या म्हणून निभावलं.

मोठ्याबाईंनी चष्मा सारखा केला.

“मी?” त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत गेला असावा, कारण ठेकेदाराने मान डोलावली. “मी कुठे काय म्हणाले? हिला उगीच भास होतात.”

धाकटा हसला. ठेकेदारही सभ्यपणे हसला. थोरला हसला नाही, पण त्याने पेन पुन्हा उचललं.

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. मग “बरं,” म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली. ती पुढे काही बोलली नाही, म्हणून कॅमेऱ्याने तिला सोडून दिलं.

“तर मग पुढे जाऊ या,” थोरला म्हणाला.

मोठ्याबाई लाल खूण परत यायची वाट बघत राहिल्या. ती आली नाही. पडद्याच्या कडेला सुनेचा हात दिसत होता, बटणाजवळच होता, पण तो हलत नव्हता. यंत्रांना गिऱ्हाईक कोण मिळेल ते झालं. बायकांना कधी आणि कुणी सांगायचं ते झालं. खालची जागा कशाला वापरायची, यावर धाकट्याने बरंच सुचवलं. आणि त्या सगळ्या वेळात मोठ्याबाईंच्या बाजूचा आवाज सुरूच होता. खुर्ची करकरेल म्हणून त्यांनी दुखणारा पाय सरकवला नाही. मधेच घशात खोकला आला. तो त्यांनी गिळला.